भवानीचें गिऱ्हाईक

नवीन उघडलेल्या खाणावळीकडे पाहण्याच्या दृष्टीवरून माणसांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील मंडळी धोरणी असतात. दहा जण तेथें जेवून सुखरूप घरीं परतल्याची खात्री पटल्यावांचून त्यांचें पाऊल उंबरठ्याच्या आंत पडत नाहीं. दुसऱ्या वर्गांतील मंडळींस दारावरचें तोरण सुकण्यापूर्वींच आंत शिरण्याची हौस असते. पूर्वीं पहिल्या वर्गास शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीवर विसंबावें लागे. आतां खिशांतल्या मोबाइलवर शेंकडों अनोळखी माणसांचीं मतें चांदण्यांच्या मापानें मोजून ठेवलेलीं असतात. आणि जेथें चार चांदण्याही पुऱ्या होत नाहींत तेथें पाण्याचा पेला तोंडास लावणें हेंही साहस, असा ह्या वर्गाचा समज झाला आहे.

आम्ही उभयतां दुसऱ्या वर्गांतले. ह्यांत शौर्याचा भाग कांहीं नाहीं. नव्या खाणावळींत मालकाचें सारें लक्ष आपल्या ताटाकडे असतें, भांडीं लखलखीत असतात, आणि मुख्य म्हणजे पदार्थ चांगला कीं वाईट हें ठरविण्याचें काम दुसऱ्या कोणीं आपल्यासाठीं अगोदरच उरकून ठेवलेलें नसतें. परंतु ह्या सुखाबरोबर एक जबाबदारीही पदरांत पडते, आणि ती पार पाडणें वाटतें तितकें सोपें नाहीं. जुन्या, नांवाजलेल्या खाणावळींत तुमचें मत कोणी विचारीत नाहीं. नव्या खाणावळींत तें विचारलें जातें, आणि विचारणाऱ्याचा संसार त्या उत्तरावर अवलंबून असतो. ही गोष्ट थायलंडांत आमच्या ध्यानांत जितक्या स्पष्टपणें आली तितकी घरीं कधीं आली नव्हती.

२०२३ सालच्या कार्तिकांत आम्ही तीन आठवडे उत्तर थायलंडांतील चिआंग माय शहरीं राहिलों होतों. मंगराय नांवाच्या राजानें हें शहर १२९६ सालीं वसविलें. जुनें गांव चौरस आहे. चारी बाजूंस पाण्यानें भरलेला खंदक, कोपऱ्यांवर विटांच्या बुरुजांचे अवशेष, आणि आंत विहार, झाडें व अरुंद गल्ल्या. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळा उजळतात, त्याच पौर्णिमेस तेथील लोक केळीच्या खुंटाच्या चकत्यांवर पानाफुलांची आरास करून पिंग नदींत दिवे सोडतात. ह्या सणाची गर्दी ओसरली आणि आमच्या बिऱ्हाडाजवळच्या एका गल्लींत नुकतीच उघडलेली एक खाणावळ आमच्या दृष्टीस पडली.

खाणावळ म्हणजे एका दुमजली घराचा तळमजला. वर कुटुंबाचें राहणें, खालीं दुकान. रस्त्याच्या बाजूस भिंत नाहींच. रात्रीं लोखंडी पडदा खालीं ओढला कीं दुकान बंद. आंत चार मेजें, भिंतीवर राजाचें चित्र, आणि कोपऱ्यांतल्या फळीवर हात उंचावून गिऱ्हाइकास बोलाविणारी नांग क्वाकची लहानशी मूर्ति. ही तेथील दुकानदारांची आवडती देवता होय. दाराच्या चौकटीवर पांढऱ्या गंधाचे ठिपके आणि त्यांवर सोन्याचा वर्ख होता. दुकान उघडण्याच्या दिवशीं भिक्षूंनीं पाठ म्हणून ते काढिले होते. अशा प्रसंगीं नऊ भिक्षू बोलाविण्याची चाल आहे, कारण थाई भाषेंत नऊ ह्या आंकड्याचा उच्चार 'पाऊल पुढें टाकणें' ह्या अर्थाच्या शब्दाशीं जवळजवळ जुळतो. आपल्याकडे नव्या दुकानाच्या भिंतीवर शुभ आणि लाभ लिहितात. नव्या व्यवसायाची धास्ती कमी करण्याची ही एकच विद्या निरनिराळ्या लिपींत लिहिलेली आहे.

दारावरची पाटी आम्हांस वाचतां येत नव्हती. पण त्यांतल्या शब्दांची फोड कळली तेव्हां घरीं आल्यासारखें वाटलें. थाई भाषेंत जेवणाच्या दुकानास 'रान आहान' म्हणतात. त्यांतला 'आहान' म्हणजे आपला आहार. चवीस ते 'रॉत' म्हणतात. तो आपला रस. शाकाहारास 'मांगसविरत' म्हणतात, आणि हा तर पालींतल्या 'मांसविरति'चाच अवतार आहे. अर्थात् शब्द सारखे म्हणून स्वयंपाकही सारखा असा प्रकार नाहीं.

आम्ही मांसविरत. थाई स्वयंपाकघरांत अशा माणसाची अडचण मांसामुळें होत नाहीं, कारण मांस वगळतां येतें. खरी अडचण मिठाची आहे. तेथें पदार्थास खारटपणा आणावयाचा तो बहुधा 'नाम प्ला' घालून. लहान मासळी आणि मीठ मोठाल्या पिंपांत भरून महिनोन् महिने मुरूं देतात, व त्यांतून जें तांबूस पाणी निथळतें तें नाम प्ला. तशीच कोळंबीची मुरविलेली 'कापी'. आमटीसाठीं वाटण वाटलें कीं त्यांत ती आलीच. ह्या दोन वस्तू काढून घेणें म्हणजे आपल्या स्वयंपाकांतून फोडणी काढून घेण्यासारखें आहे. चिनी वंशाच्या लोकांत 'जे' नांवाचें एक व्रत तेथें पाळलें जातें. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे बहुधा आपल्या शारदीय नवरात्राच्याच सुमारास, पिवळ्या झेंड्यांवर लाल अक्षरें मिरवीत शेंकडों दुकानें मांसमासळी बंद करतात. त्या व्रतांत कांदालसूणही वर्ज्य असल्यामुळें आपल्याला चातुर्मासाची आठवण होते. परंतु आम्ही पोंचलों तेव्हां ते दिवस संपले होते, आणि झेंडे उतरले होते.

खाणावळीची मालकीण पन्नाशीच्या घरांतील बाई. तेथील गिऱ्हाइकें अशा बाईस 'पा' म्हणून हाक मारतात. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. आपल्याकडेही खाणावळवाली ही मावशी नाहीं तर काकू असतेच, तेव्हां आम्हीही त्यांस पा म्हणूं लागलों. त्यांची कॉलेजांत शिकणारी मुलगी संध्याकाळीं वाढपाचें काम करी आणि परदेशी गिऱ्हाइकांशीं इंग्रजींतून बोलण्याचेंही. तिच्याकडून त्या घराची हकीकत थोडथोडी कळत गेली.

पा अठरा वर्षें एका मोठ्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरांत होत्या. २०१९ सालीं थायलंडांत सुमारें ३ कोटी ९९ लाख परदेशी पाहुणे आले होते. त्यानंतर महामारी आली, आणि २०२१ सालीं ही संख्या पांच लाखांच्याही खालीं गेली. आंकडे वाचतांना आपल्याला कांहीं वाटत नाहीं. पण त्या दोन आंकड्यांच्या मध्यें किती चुली विझल्या असतील ह्याचा विचार केला म्हणजे मन चरकतें. पांचें हॉटेल बंद झालें. दोन वर्षें त्यांनीं घरीं रांधून डबे विकले. मग बहिणीची सोन्याची साखळी आणि स्वतःची पुंजी एकत्र करून ह्या चार मेजांचा संसार मांडला. दुकान उघडून आठ दिवस झाले होते, आणि मुलगी म्हणाली कीं, आई रात्रीं झोपत नाहीं.

पहिल्या संध्याकाळीं आम्हीं 'मांगसविरत' हा शब्द उच्चारला तेव्हां पांच्या चेहऱ्यावर जराही त्रासिक भाव दिसला नाहीं. त्या मान लववून आंत गेल्या, आणि थोड्याच वेळानें ताटें आलीं. भाताची वाटीनें पाडलेली सुबक मूद, कडेला गाजराचें कोरलेलें फूल, नारळाच्या दुधांतली भाज्यांची आमटी, आणि परतलेल्या भाज्या. गाजराचें फूल पाहतांच अठरा वर्षांच्या नोकरीची खूण पटली. आम्हीं आमटीचा घांस घेतला. ती गोड होती. दुसऱ्या भाजीचा घेतला, तीही गोडच. तिखट नाहीं, आंबट नाहीं, खारटाचा केवळ भास. पदार्थ वाईट होता असें म्हणवत नाहीं. वाईट असता तर एक वेळ बरें झालें असतें, कारण वाईट पदार्थाविषयीं बोलतां येतें. ह्या ताटांत दोष असा कोठेंच नव्हता. फक्त जीव नव्हता.

मेजावर चार बरण्यांची एक परडी होती. साखर, वाळल्या मिरचीचें भरड तिखट, मिरच्या घातलेली शिरका, आणि मिरच्या घातलेलें नाम प्ला. थायलंडांत साध्यासुध्या दुकानांतही ही परडी असते, आणि आमच्या मतें त्या देशाच्या पाककलेंतली ही फार सभ्य गोष्ट आहे. शेवटचा हात फिरविण्याचा अधिकार स्वयंपाकी जेवणाराच्या स्वाधीन करतो. आपल्या ताटांत डाव्या बाजूस मीठ, लिंबू व चटणी वाढतात त्यांतला हेतूही हाच. आम्हीं तिखट घातलें, शिरका घातली. पण जो पदार्थ मुळांतच भित्रा आहे त्याला बाहेरून किती धीर देणार?

ताटें उचलतांना मुलीनें विचारलें, "आरॉय मय?" म्हणजे चवदार झालें का? थायलंडांत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकास हे दोन शब्द पहिल्याच दिवशीं शिकावे लागतात, आणि त्यांचें ठराविक उत्तर 'आरॉय' हेंही. स्वयंपाकघराच्या दारांत पा हातांतलें फडकें तसेंच धरून उभ्या होत्या. आम्हीं म्हटलें, "उद्यां पुन्हां येऊं, मग सांगूं." मुलीनें तें आईस सांगितलें. पा हंसल्या, पण तें हंसूं डोळ्यांपर्यंत पोंचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम लौकर जाऊन कोपऱ्यांतल्या मेजावर बसलों. शेजारीं दोन तरुण परदेशी प्रवासी होते. त्यांनीं ताटाचीं छायाचित्रें घेतलीं, अर्धें अन्न टाकलें, दोन्ही हात जोडून मोठ्यानें 'आरॉय' म्हटलें, आणि ते निघून गेले. मग एक थाई जोडपें दाराशीं आलें. त्यांनीं फळ्यावरचे पदार्थ वाचले, आंतल्या ताटांकडे एक नजर टाकली, आणि अत्यंत सौम्य हास्य करून काढता पाय घेतला. सारेंच कसें गोड चाललें होतें. पण पाहणाऱ्यास हेंही दिसत होतें कीं, ह्या गोडीनें तें दुकान फार तर दोन महिने जगेल.

त्या रात्रीं बिऱ्हाडीं आमचा वाद झाला. आमच्यांपैकीं एकाचें म्हणणें असें कीं, परक्या देशांत, परक्या बाईच्या अन्नास नांवें ठेवण्याचा आपणांस अधिकार काय? चार घांस गोड लागले म्हणून कोणाचें मन मोडावें? दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, मन राखण्याची एवढी हौस असेल तर साऱ्या गल्लीनें मिळून त्या बाईचें मन राखावें आणि दुकान बुडवावें. कोणतें मत कोणाचें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण वादाच्या मध्यावर आमचीं मतें एकमेकांशीं बदललीं होतीं.

थाई भाषेंत 'क्रेंग जाय' असा एक शब्द आहे. 'जाय' म्हणजे अंतःकरण. दुसऱ्यास आपल्यामुळें तोशीस पडूं नये, त्याला अवघडल्यासारखें होऊं नये, म्हणून जें मन मागें सरतें त्याला क्रेंग जाय म्हणतात. परदेशी लेखकांना हा शब्द समजावून सांगतांना पुष्कळ शाई खर्चावी लागते. मराठी माणसास तो एका शब्दांत सांगतां येतो: भीड. आपल्या घरांतून भीड काढून टाकली तर निम्मीं नातीं तुटतील हें खरें आहे. पण 'भीड भिकेची बहीण' अशी म्हणही आपल्याच आजीबाईंनीं करून ठेविली आहे. पांच्या दुकानांत समोरासमोर दोन भिडा बसल्या होत्या. परदेशी माणसास तिखट सोसत नाहीं, उग्र वास आवडत नाहीं, म्हणून पा आपल्या पदार्थांतलें सत्त्व काढून घेत होत्या. आणि बाईला वाईट वाटूं नये म्हणून गिऱ्हाइकें तें निःसत्त्व अन्न वाखाणीत होतीं. दोघेही सज्जन, आणि दोघांच्या सौजन्यानें मिळून त्या घरावर संकट आणलें होतें.

तिसऱ्या संध्याकाळीं मुलगी म्हणाली, "आज तरी सांगाल ना? आई रोज विचारते."

आम्हीं सांगितलें, "तुमच्या आईच्या हाताला चव आहे, हें भाज्या चिरण्यापासून कळतें. पण ती चव ह्या ताटांत उतरलेली नाहीं. सगळें गोड लागतें. आम्हांला खरें सांगा, तुम्ही स्वतः हें जेवाल का?"

मुलगी गप्प उभी राहिली. परक्याचें कठोर वाक्य आपल्याच तोंडानें आईला सांगावयाचें, हा प्रसंग वीस वर्षांच्या पोरीवर आला होता. ती हळूच म्हणाली, "आम्ही हें जेवत नाहीं. आमचें वर वेगळें शिजतें." मग तिनें आईकडे वळून थाईंत सांगण्यास सुरुवात केली. तें बोलणें आमच्या वाक्याहून बरेंच लांबलें. त्यांत तिचें स्वतःचेंही कांहीं असावें. पांनीं हात पुसले आणि आल्या त्या आमच्या मेजाशीं खुर्ची ओढून बसल्या. तीन दिवसांत त्यांस बसलेलें आम्ही प्रथमच पाहत होतों.

बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "तुमच्या घरीं मासळीचें पाणी नसतें, तर चव कशानें आणतां?" आम्हीं डाळीविषयीं सांगितलें, चिंचगुळाविषयीं सांगितलें, आणि भाजलेल्या मिरच्या लसणीबरोबर ठेचून केलेल्या ठेच्याविषयीं सांगितलें. ठेच्याशीं त्यांचे डोळे चमकले. "वास चालेल का?" त्यांनीं विचारलें. कसला वास हें आम्हांस कळेना. त्या जिना चढून वर गेल्या आणि एक वेताची परडी घेऊन खालीं आल्या. परडींत हाताच्या पंजाएवढ्या, तपकिरी, पापडासारख्या वाळलेल्या चकत्या होत्या.

त्या चकत्यांचें नांव 'थुआ नाव'. शब्दशः अर्थ नासलेले दाणे. सोयाबीन शिजवून, दोनतीन दिवस झांकून आंबूं देतात, मग वाटून त्याच्या चकत्या थापून उन्हांत वाळवितात. पा मूळच्या ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरील मे हाँग सॉन प्रांतांतल्या, ताय याय लोकांच्या खेड्यांतल्या. चिआंग मायपासून तिकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यास १,८६४ वळणें आहेत असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. इतक्या वळणांपलीकडे समुद्र कोठला आणि मासळीचें पाणी कोठलें? म्हणून त्या डोंगरांतल्या आज्यापणज्यांनीं दाण्यांतूनच ती चव काढिली. ही युक्ति त्यांनाच सुचली असेंही नाहीं. सिक्कीमकडे किनेमा, नागा लोकांत आखुनी, मणिपुरांत हवाइजार, असे ह्याच जातीचे आंबविलेले सोयाबीन आपल्या देशांतही आहेत. समुद्रापासून दूर राहणाऱ्या डोंगरी माणसांनीं ठिकठिकाणीं एकच उत्तर शोधून काढिलें आहे.

म्हणजे आम्हांसारख्या मांसविरतांची अडचण पांच्या घरीं कित्येक पिढ्यांपूर्वींच सुटलेली होती. ती वरच्या मजल्यावर परडींत झांकून ठेवलेली होती एवढेंच. का? तर हॉटेलांत नोकरीस लागल्यावर पहिल्याच महिन्यांत वरिष्ठानें बजावलें होतें कीं, खेड्यांतला हा वास येथें आणूं नये. अठरा वर्षें पांनीं तो वास घरच्या माणसांपुरता ठेवला. आणि स्वतःचें दुकान काढलें तेव्हांही तो खालीं आणण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही गेलों तेव्हां गल्लीच्या तोंडाशींच दगडी खलाचा ठोका ऐकूं आला. त्या आवाजाची भाषा शिकावी लागत नाहीं. थुआ नावची चकती निखाऱ्यावर भाजल्यावर जो वास सुटतो तो प्रथम माणसाला दोन पावलें मागें सारतो. आंबलेल्या पिठाचा आणि करपत आलेल्या शेंगदाण्यांचा मिळून एक वास कल्पावा. पण थोड्या वेळानें तोच वास हात धरून आंत ओढतो. भाजलेल्या मिरच्या, लसूण, लहान कांदे आणि ती चकती एकत्र कुटून पांनीं जें केलें होतें त्यास ते लोक 'नाम फ्रिक' म्हणतात. आम्ही बेलाशक ठेचा म्हणूं. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून पूर्वेकडे आली असें मानतात. त्यांनीं गोवें १५१० सालीं घेतलें आणि सयामच्या राजधानींत, अयोध्येंत, त्यांचा वकील १५११ सालीं पोंचला. आपला ठेचा आणि पांचा ठेचा हीं दोन्ही त्या एकाच परक्या बीजाचीं लेंकरें आहेत.

त्याबरोबर उकडलेला भोपळा, चवळीच्या शेंगा, आणि कोंवळ्या फणसाची आमटी. कोंकणांत ज्याला कुयरी म्हणतात तोच हा फणस. त्याच्या थाई नांवांतला शेवटचा उच्चार 'टेकू देणें' ह्या अर्थाच्या शब्दासारखा असल्यानें उत्तरेकडे नववर्षाच्या सणांत ही आमटी मुद्दाम करतात. ती खाल्ली कीं वर्षभर कोणाचा तरी आधार मिळतो अशी समजूत आहे. भात मूद पाडलेला नव्हता. वेताच्या झांकणाच्या लहान टोपलींत वाफवलेला चिकट भात आला. तो बोटांनीं तोडावा, मुठींत दाबून लहान गोळा करावा, आणि ठेच्यांत बुडवून खावा. जशी आपण भाकरी खातों. कांटाचमचा बाजूला राहिला. गाजराचें फूलही नव्हतें. डोळ्यांतून पाणी आलें तें मिरचीनें, हें येथें स्पष्ट लिहिलेलें बरें.

जेवतांना मनांत आपल्याच घरांचा विचार येत होता. पाहुणे यावयाचे म्हटले म्हणजे आपण काय करतों? रोज ज्या पिठल्यानें आणि भाकरीनें आपला जीव तृप्त होतो तीं झांकून ठेवतों आणि पनीर विकत आणतों. "पाहुण्यांपुढें पिठलें कसें ठेवावें?" हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें गेलें नाहीं असें मध्यमवर्गीय मराठी घर आम्हीं पाहिलेलें नाहीं. आपल्या खाण्याची लाज वाटणें ही आपल्या आजीची लाज वाटण्याचीच एक रीत आहे. आणि गंमत अशी कीं, पाहुणाही घरीं पिठलेंच खात असतो. तोही पनीराकडे पाहून 'छान झालें आहे' म्हणतो, आणि दोघेही अर्धपोटीं उठतात. पांनीं परडी खालीं आणली तें धैर्य लहान नव्हतें. आमच्या वाक्यानें त्यांस फक्त निमित्त दिलें.

एका वाक्यानें दुकान भरभराटीस आलें, असें लिहिण्याचा मोह होतो. पण तसें झालें नाहीं. फळ्यावर दोन ओळी वाढल्या. चिआंग मायच्या रस्त्यांवर भाड्यानें फिरणाऱ्या ज्या लाल गाड्या आहेत, त्यांतल्या एकाचा चालक वासावरून आंत डोकावला. तो ताय याय निघाला, आणि दुसऱ्या दिवशीं आणखी दोघांना घेऊन आला. परंतु त्याच आठवड्यांत एक परदेशी कुटुंब दारांतून नाकास रुमाल लावून परत गेलें. पा बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या. ती सारी मंडळी पूर्वीं पांचीं मानलेलीं गिऱ्हाइकें होतीं. त्यांच्यासाठींच तर अठरा वर्षें साखर घातली होती. आंत येऊन त्यांनीं पुढची चकती निखाऱ्यावर टाकली तेव्हां त्यांचा हात थोडा थबकला, हें आम्हीं पाहिलें. साखळी बहिणीची होती, आणि ती परत करावयाची होती.

निघण्याच्या दिवशीं आम्ही अकराच्या सुमारास गेलों. दुकान नुकतेंच उघडलें होतें, आणि त्या दिवसाचें पहिलें गिऱ्हाईक आम्हीच होतों. जेवण झाल्यावर पैसे दिले तेव्हां पांनीं त्या नोटा पेटींत टाकल्या नाहींत. थायलंडच्या बाजारांत पहिल्या विक्रीच्या नोटा साऱ्या मालावर टेकवून घेण्याची चाल आहे. त्या पैशांचें भाग्य उरलेल्या मालास लागावें हा हेतु. आपल्याकडे दिवसाच्या पहिल्या विक्रीस भवानी म्हणतात आणि दुकानदार ते पैसे डोळ्यांस लावतो, त्यांतलीच ही गोष्ट. पांनीं नोटा चारी मेजांवर टेकविल्या, खलावर टेकविल्या, आणि शेवटीं दर्शनीं ठेवलेल्या थुआ नावच्या परडीवर टेकविल्या. भवानीच्या गिऱ्हाइकाकडून दुकानदार पैशांची अपेक्षा करतोच. पण नव्या दुकानास त्याहून अधिक गरज एका खऱ्या शब्दाची असते, आणि तो शब्द पहिल्या आठवड्यांत मिळाला तरच उपयोगी पडतो. वर्षभरानें, पडदा कायमचा ओढल्यावर, सारी गल्ली खरें बोलूं लागते.

आम्ही पायरी उतरत होतों तेव्हां मुलगी मागोमाग आली. तिनें 'आरॉय मय' असें विचारलें नाहीं. ती म्हणाली, "आज फणसाच्या आमटींत मीठ कसें होतें?"

"किंचित् जास्त," आम्हीं म्हटलें.

तिनें तें आंत ओरडून सांगितलें. आंतून खलाचा ठोका क्षणभर थांबला आणि पांचें उत्तर आलें. मुलीनें हंसत हंसत त्याचा अर्थ सांगितला: "आई म्हणते, मीठ बरोबर होतें, तुम्हीं भात कमी घेतलात."